गुडघ्यावरची जागा

ॲनी गेली त्या दुपारी तिचा नवरा क्लेमेंट दवाखान्यातून घरी आला होता, तिची सुती मॅक्सी न्यायला. दवाखान्यातले कपडे टोचतात, असं ती सकाळी म्हणाली होती. कपाट उघडून तो नुसता उभा होता. लग्न झाल्यापासून त्या कपाटाला त्याने कधी हात लावला नव्हता, त्यामुळे कुठली मॅक्सी सुती आणि कुठली नाही हे त्याला समजेना. एकेक हाताने चाचपत असताना फोन वाजला. टिफनीचा, त्याच्या मुलीचा. ती "पप्पा" म्हणाली आणि पुढे काही बोललीच नाही.

त्याने हाताला आली ती निळी मॅक्सी पिशवीत घातली आणि रिक्षा पकडली. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की मॅक्सी आता कुणालाच नको होती. तरी त्याने पिशवी मांडीवर धरून ठेवली.

दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या दारात एक तरुण डॉक्टर त्याच्याशी बोलला. साखर फार वाढली होती, म्हणाला. संसर्ग रक्तात गेला होता. कुजलेलं होतं ते सगळं कापून काढलं, पण फार आत पसरलं होतं. हे सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "काका, यांना भगंदर किती वर्षांपासून होतं?"

"काय होतं?"

"भगंदर. शौचाच्या जागेजवळ. जुनं होतं, दोन तोंडं होती."

"तिला मूळव्याध होती," क्लेमेंट म्हणाला. "सुरण खायची ती. इसबगोल घ्यायची."

"मूळव्याध नव्हती, काका."

क्लेमेंटने टिफनीकडे पाहिलं. टिफनी भिंतीला टेकून उभी होती. तिने मान खाली घातली आणि वर केलीच नाही. त्याला वाटलं, रडते आहे पोर.

दुसऱ्या दिवशी मातीच्या वेळी चर्च भरलं होतं. क्लेमेंटचं गाव वसईच्या पश्चिमेला, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमधलं. सगळे एकमेकांना ओळखतात आणि कोण कुठल्या बाकावर बसतं हेही सगळ्यांना ठाऊक असतं. ॲनीची जागा पहिल्या रांगेत, खांबाजवळ. फादरनी प्रवचनात त्याच जागेकडे हात केला. "आपण सगळे बसतो तेव्हाही आपली ही बहीण गुडघ्यावर असायची," ते म्हणाले. "वाचनाला गुडघ्यावर, प्रवचनाला गुडघ्यावर. मीच कधीकधी म्हणायचो, ॲनीबाय, आता बस गं, माझं प्रवचन लांबलंय." लोक रडता रडता हसले.

खरीच गोष्ट होती ती. मागे एका उपवासकाळात ॲनीने हे सुरू केलं. त्या दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी दारू, कुणी सिगारेट. ॲनी म्हणाली, मी मिस्साभर, सगळी प्रार्थना संपेपर्यंत, बसणार नाही, हा माझा नवस. पुढे पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण आला, लोक मटणावर परत आले, बाटल्या उघडल्या. ॲनी मात्र गुडघ्यावरच राहिली. बायका म्हणू लागल्या, हिच्यासारखी भक्ती आपल्याच्याने होणार नाही. क्लेमेंट तिच्या शेजारी बाकावर आरामात टेकून बसलेला असायचा. त्याला लाजही वाटायची आणि अभिमानही वाटायचा. अभिमान जरा जास्तच.

माती देऊन परतताना चर्चच्या धर्मग्राम समितीचा केनी त्याच्याबरोबर चालत आला. केनी लहानपणापासूनचा दोस्त, तोंडाचा सैल पण मनाचा चांगला. "क्लेमेंट, एक सुचलंय," तो म्हणाला. "पहिल्या रांगेची गुडघे टेकायची फळी मोडकळीला आली आहे. आपल्या कॉन्रॅडकडून सागाची नवी करून घेऊ. वर पितळेची पट्टी. ॲनीच्या नावाची. वर्षाच्या मिस्सेला, तिच्या पुण्यतिथीला, बसवू."

"कर," क्लेमेंट म्हणाला. त्याला ते फार बरं वाटलं.

पण डॉक्टरचा तो शब्द काही डोक्यातून जाईना. वाडीत पाणी सोडताना, केळीची पिलं काढताना, एकट्याने चहा करताना तो आठवायचा. भगंदर. पाहुणे यायचे, शुगरने गेली का, असं विचारायचे, आणि क्लेमेंट हो म्हणायचा. शुगर हा चारचौघांत सांगण्यासारखा आजार आहे. एक दिवस मात्र तो उठला आणि वसई गावात बस स्टँडजवळ डॉक्टर उन्नती राऊत यांच्या दवाखान्यात गेला. पाटीवर याच आजारांची नावं होती आणि ती वाचताना आपल्याला कुणी पाहत नाही ना, हे त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

आत गेला तर भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि बहुतेक सगळ्या रिकाम्या. माणसं उभी होती. एक जण खिडकीला कोपर टेकून, एक बाई खांबाला पाठ लावून, एक जाडा गृहस्थ खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून वाकलेला. क्लेमेंटला वाटलं, आपल्या वयाकडे बघून जागा सोडली असावी.

"अहो, तुम्ही बसा की," तो त्या गृहस्थाला म्हणाला.

"बसता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो?" तो गृहस्थ म्हणाला.

खिडकीजवळचा माणूस खो खो हसला आणि हसता हसताच कळवळला. खांबाजवळच्या बाईनेही पदराआड तोंड केलं. क्लेमेंटही हसणार होता. पण त्याने त्या बाईकडे पाहिलं. ती एका पायावर भार देऊन, कंबर किंचित उचलून उभी होती, आणि हे उभं राहणं त्याने रोज पाहिलं होतं. ओट्याशी. विहिरीशी. सुकेळ्यांसाठी वाळवायची केळी सोलताना, जेव्हा बाकीच्या बायका चटईवर बसून सोलायच्या आणि ॲनी टेबलाशी उभी राहायची. स्कूटरवर बसायचं तिने सोडलं होतं. चालते, साखरेला बरं असतं, म्हणायची.

आणि चर्चमध्ये तिला उभं राहता येत नव्हतं. सगळे बसलेले असताना उभं राहिलं तर लोक विचारतात. गुडघ्यावर राहिलं तर विचारत नाहीत.

तो त्या रिकाम्या खुर्चीत खाली बसला. त्या खोलीत तो एकटाच बसलेला होता.

डॉक्टर उन्नती पन्नाशीच्या आतल्या, आवाज मोठा, बोलणं सरळ. आपल्याला काही झालेलं नाही, बायकोला होतं, ती गेली, हे त्याने सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आता काय विचारायचं आहे?"

"ते काय होतं, ते."

त्यांनी एका कागदावर दोन रेघा मारल्या. "शौचाच्या वाटेच्या आत, अगदी दाराजवळ, बारीक बारीक ग्रंथी असतात. सगळ्यांना असतात, मला आहेत, तुम्हाला आहेत. त्यातल्या एखादीचं तोंड बुजतं. आत घाण अडकते, पू होतो. पू काही आत थांबत नाही. तो मांसातून वाट काढत काढत बाहेरच्या कातडीपर्यंत येतो. गळू होतं. फार दुखतं. मग एक दिवस ते फुटतं आणि दुखायचं थांबतं. माणूस म्हणतो, सुटलो. पण पुष्कळदा पुवाने केलेली वाट तशीच राहते. एक तोंड आत, एक बाहेर. हेच भगंदर."

"बिळासारखं," क्लेमेंट म्हणाला. "बांधात उंदीर करतो तसं."

"तसंच."

"मग बाहेरून बुजवलं तर?"

"तुमच्या बांधाचं काय होतं?"

बांधातलं बीळ बाहेरून लिंपलं की पाणी आत तुंबतं आणि दुसरीकडून फोडून येतं, हे वाडीवाल्याला सांगावं लागत नाही. आतलं तोंड शोधावं लागतं. हे तो जन्मभर करत आला होता.

"ती मलम लावायची," तो म्हणाला. "डबी बघितली होती मी. मला वाटलं टाचेच्या भेगांना लावते."

"मलमाने वरची कातडी मिटते. बरं वाटतं. मग महिन्या-दोन महिन्यांनी परत सूज, परत ताप, परत फुटतं. असं वर्षानुवर्षं चालतं. त्यात साखर असली तर एखाद्या वेळी तो पू फुटायच्या ऐवजी आतल्या आत पसरतो. तेव्हा हाताशी फार वेळ नसतो."

"कशाने झालं पण? तिखट खायची ती. मी ओरडायचो तिच्यावर."

"तिखटाने नाही झालं. बसण्याने नाही, स्कूटरने नाही, कुणाच्या पापाने तर नाहीच. बहुतेकांना ती बुजलेली ग्रंथी, एवढंच कारण. काही जणांना मात्र आतड्याचा आजार असतो, नाहीतर क्षय. तिथे भगंदर म्हणजे आतल्या आजाराची खूण असते. म्हणून नुसतं भोक बघून चालत नाही. का झालं तेही बघावं लागतं."

"तिचं कशामुळे होतं?"

"ते आता नाही कळणार, काका."

बाहेर पडताना त्या गृहस्थाने विचारलं, "कापायला सांगितलं का?"

"नाही," क्लेमेंट म्हणाला. "तुम्ही कापून घ्या पण."

यानंतरच्या रविवारी क्लेमेंट मिस्सेला आपल्या बाकावर बसला. शेजारी टिफनी. टिफनी गावाजवळच्याच शाळेत शिकवायची, चौथीच्या वर्गाला. आई गेल्यापासून ती खांबाजवळच्या जागेवर असायची. पहिलं वाचन सुरू झालं, बाकं करकरली, सगळं चर्च खाली बसलं. टिफनी गुडघ्यावर गेली.

तिच्यामागच्या बाकावरून ज्युलीने, ॲनीच्या मोठ्या बहिणीने, क्लेमेंटच्या खांद्याला बोट लावलं. "बघ रे," ती कुजबुजली, "अगदी आईवर गेली."

क्लेमेंटला पुढचं काही ऐकू येईना. तो टिफनीच्या पाठीकडे बघत राहिला. प्रवचन चाललं होतं. तिने समोरच्या कठड्यावर कोपरं रोवली होती आणि थोड्या थोड्या वेळाने एकदा डावा गुडघा उचलून टेकवत होती, एकदा उजवा. तिची वेणी पूर्वी जाड दिसायची. मानेची हाडं वर आली होती. आईच्या दुःखाने वाळली, असं सगळे म्हणत होते, तोही म्हणत होता.

मिस्सा झाल्यावर त्याने ज्युलीला बाजूला घेतलं. ज्युली नवऱ्याबरोबर एव्हरशाईन सिटीत राहायची, पण रविवारची मिस्सा तिला गावचीच लागायची.

"तिला विचार तू," तो म्हणाला. "बसायला त्रास होतो का म्हणून. मावशी आहेस."

"वेडा का तू? पोरीला आईचं दुःख आहे. असलं काय विचारू?"

"विचार तरी."

ज्युली गेली आणि टिफनीशी बोलून, आइस्क्रीम खायला चल म्हणून तिचा गाल ओढून परत आली. "काही नाही रे. आईसाठी नवस केलाय म्हणते. वर्ष होईपर्यंत मिस्सेला बसणार नाही."

"ॲनीही नवसच म्हणाली होती," क्लेमेंट म्हणाला.

ज्युलीने पर्स उघडली, बंद केली, परत उघडली. "मला बस गाठायची आहे," ती म्हणाली.

क्लेमेंट घरी लक्ष ठेवू लागला. आपल्याच घरात चोरासारखं. टिफनी ओट्याशी उभं राहून जेवायची, मोबाइल बघत. वह्या तपासायची ती पलंगावर पालथी पडून. शाळेत जाताना स्कूटर न्यायची नाही. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर एकदा होऊन गेलं होतं आणि आता दुसऱ्यांदा होत होतं. रोज संध्याकाळी तो ठरवायचा, आज विचारतो, आणि रोज ताट धुऊन झोपायला जायचा. सव्वीस वर्षांच्या मुलीला बापाने हे कसल्या शब्दांत विचारायचं? आई असती तर एका वाक्यात काम झालं असतं. मग त्याला आठवायचं की आईनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

अशात एक दिवस तो घरामागच्या पाण्याच्या टाकीकडे गेला, नळ गळत होता म्हणून. टाकीमागे, कुणाला दिसू नये अशा जागी, एक बारीक दोरी बांधलेली होती. दोरीवर कापडाचे चौकोन वाळत होते. धुतलेले, पण मधे पिवळट डाग राहिलेले. कापड निळं होतं. त्याने एक चौकोन हातात घेतला. कडेला लेसची पट्टी होती. दवाखान्यात नेलेली ती मॅक्सी, जी त्याने परत आणून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती आणि जी तिथून कधी नाहीशी झाली हे त्याला कळलंही नव्हतं.

तो नळ न बघताच वाडीत गेला आणि बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठावर उभा राहिला. टिफनी शाळेतून आली ती त्याला शोधत तिथे आली. ऊन होतं तरी तिने अंगाभोवती ओढणी घट्ट गुंडाळली होती.

"पप्पा, चहा?"

"बस इथे."

"उभीच बरी आहे. दिवसभर बसूनच असते शाळेत."

"चौथीची पोरं सांभाळणारी बाई दिवसभर बसून असते होय? मग ती पोरं वर्ग डोक्यावर घेत असतील."

ती थोडी हसली. तिच्या ओठांवर पापुद्रे आले होते. क्लेमेंटने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"ताप? काल-"

"ताप नाही. टाकीमागे दोरी आहे. मी बघितली."

टिफनीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "तुम्ही माझे कपडे बघता?" ती ओरडली. "असं कुठला बाप करतो? लाज नाही वाटत?"

"वाटते. गेले कित्येक दिवस वाटते आहे. आई असती तर तिने विचारलं असतं. आई नाही, मीच आहे. आता मला सांग."

ती मागे वळली. जाईल असं त्याला वाटलं. पण ती पाठ करून तिथेच थांबली आणि पाण्याकडे बघत बोलली.

"आईला मलम मीच आणून द्यायचे."

"तू?" क्लेमेंट म्हणाला.

"तिने क्रूसाची शपथ घातली होती, पप्पांना सांगायचं नाही. मावशीलाही होती शपथ. मावशीनेच तर ते मलम आधी दिलं, तिच्या शेजारणीला गुण आला होता म्हणून. लावलं की बंद व्हायचं. आई म्हणायची, बघ, देवाने मिटवलं. मग परत व्हायचं."

"आणि तिचं सगळं बघूनही तू गप्प बसलीस?"

"तिचं बघूनच!" टिफनी गर्रकन वळली. "घरात होती तोवर चालत होती ती. जेवत होती. दवाखान्यात नेली, त्यांनी कापलं आणि दोन दिवसांत संपली. मला नाही जायचं तिथे. मी घरीच मरेन."

असं काही ती मनात धरून बसली असेल हे क्लेमेंटच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला वाटत होतं, लाज आहे. लाज होतीच, पण तिच्याखाली हे होतं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. पाटाच्या बांधात, केळीच्या बुंध्याशी, एक ओलं बीळ होतं. त्याने पायाने ते दाखवलं. "हे बघ. मागच्या आठवड्यात मी हे लिंपलं. पलीकडून फोडून पाणी त्या रांगेत गेलं, तीन झाडं आडवी झाली. आता ती झाडं कुणी पाडली? नंतर फावडं घेऊन आला त्याने?"

टिफनीने आडव्या झाडांकडे पाहिलं.

"कापल्याने नाही गेली ती, बाय. फावडं उशिरा आलं."

"मला भीती वाटते."

"मलाही. वसईत एक डॉक्टर आहेत, बाईच आहेत. त्यांच्याकडे खुर्च्या भरपूर आहेत आणि बसत कुणीच नाही. मी एका माणसाला बसा म्हणालो, तर तो म्हणतो, बसता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो."

टिफनी फस्सकन हसली. हसता हसता तिने कमरेवर हात दाबला, वाकली, आणि वाकल्या वाकल्या रडायला लागली. क्लेमेंटने रिक्षा बोलावली. रिक्षात ती सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेकडे तोंड करून, त्याच्या खांद्याला धरून गेली. रिक्षावाल्याने आरशात एकदा पाहिलं आणि खड्डे चुकवत हळू चालवली.

डॉक्टर उन्नतींनी तपासून लगेच दाखल करून घेतलं आणि त्याच संध्याकाळी आत साचलेला पू काढला. क्लेमेंट बाहेर उभा राहिला. खुर्ची होती, पण तो बसला नाही. दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्याला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. तो त्यांच्या चपलांकडे बघत राहिला.

"वेळेत आणलंत," त्या म्हणाल्या. "पू निघाला. आतलं तोंड सापडलं. त्या वाटेतून एक धागा ओवून ठेवलाय, सैल. त्याने बाहेरचं तोंड मिटणार नाही, पू साचणार नाही. पुढे एमआरआय करू, वाट कुठून कशी गेली आहे ते बघू, मग पुढचं ऑपरेशन. घाईने कापलं तर शौचावरचा ताबा जाऊ शकतो. ते मी करणार नाही."

"उघडंच ठेवायचं?"

"उघडंच ठेवायचं."

मग त्यांनी त्याला आत टिफनीजवळ नेलं आणि तिला विचारायला लागल्या. जुलाब होतात का? होतात. कधीपासून? आई जायच्या आधीपासून. पोटात कळ येते का? जेवल्यावर. रक्त? कधीकधी. वजन? टिफनीने हाताची बांगडी कोपरापर्यंत सरकवून दाखवली. क्लेमेंट ऐकत होता. एका घरात राहून, एकाच ओट्यावरचं जेवून, यातलं एकही त्याला माहीत नव्हतं.

"नुसती बुजलेली ग्रंथी असेल तर इतकं सगळं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आतडं आतून बघावं लागेल, दुर्बिणीने. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. आताच नाही. ही सूज ओसरू दे, ताप जाऊ दे."

"आईचंच हिला आलं का?" त्याने विचारलं.

"भगंदर असं आईकडून मुलीकडे येत नाही. पण आतड्याचे काही आजार एका घरात दोघांना दिसतात. आईचं आतडं कुणी तपासलं होतं?"

"नाही."

"वजन उतरलं होतं त्यांचं?"

"उपवास करायची ती," क्लेमेंट म्हणाला आणि थांबला. उपवास करत होती की तिला जेवण जात नव्हतं, हे त्याला आता सांगता येईना.

टिफनीला घरी आणल्यावर केनी बघायला आला. हातात पपई आणि खिशात घडी केलेला कागद. टिफनी आतल्या खोलीत कुशीवर झोपली होती.

"फळी झाली आहे," केनी म्हणाला. "काय सुंदर केली आहे कॉन्रॅडने! आरशासारखी. पट्टीवरचा मजकूर मी जुळवलाय, ऐक. 'प्रभूसमोर जिने कधी बसणे जाणले नाही, त्या ॲनीच्या स्मरणार्थ.' कसं आहे? फादर तर म्हणाले, केनी, तुझ्यात इतकं डोकं आहे हे माहीत नव्हतं."

"तिला बसता येत नव्हतं," क्लेमेंट म्हणाला.

"तेच तर."

"तेच नाही. तिला भगंदर होतं. शौचाच्या जागी. पू यायचा. बाकावर टेकलं की जीव जायचा, म्हणून गुडघ्यावर असायची. आपण सगळे बघत होतो."

केनीने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"हे कुणाला बोलू नकोस रे," शेवटी तो हळूच म्हणाला. "माणूस गेलं. नाव तरी चांगलं राहू दे तिचं."

"नावाला काय झालं? आजार होता."

"तरी."

आतून टिफनीचा आवाज आला. "केनी अंकल, मलाही तेच आहे. नवस वगैरे काही नव्हता."

केनी उठला. त्याने कागदाची घडी घातली, परत उलगडली, आणि पपईखाली ठेवून गेला.

वर्षाच्या मिस्सेची वाट न बघता फळी बसवून झाली. क्लेमेंट रविवारी एकटाच गेला. वाचनाला सगळं चर्च बसलं तेव्हा तोही बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मागे वळून बघितलं, कोण बसलं नाही ते. मधल्या रांगेत, पंख्याखाली, एक बाई गुडघ्यावर होती. डोळे मिटलेले, कोपरं रोवलेली. सवयीची असेल. नवसाची असेल. तिच्या शेजारी तिचा नवरा टेकून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो क्लेमेंटने ओळखला.

मिस्सा सुटल्यावर तो दाराशी उभा राहिला, पण ती दोघं बाजूच्या दाराने गेली.

घरी आला तेव्हा टिफनी ओट्याला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत परत ती तापाची चमक होती. त्याने थर्मामीटर लावला. थोडा ताप होता. डॉक्टरांना फोन केला. धाग्याजवळून पू येतोय ना? येतोय. मग घाबरू नका, पण उद्या सकाळी आणा. दुर्बिणीची तपासणी आणखी पुढे ढकलावी लागेल.

फळीवर पट्टीसाठी दोन भोकं पाडून ठेवली आहेत, पट्टी नाही. पंख्याखालच्या त्या बाईला कुणी विचारलेलं नाही. टिफनीचं आतडं अजून तपासायचं राहिलं आहे.